तात्यासाहेबांचा कोट

तात्यासाहेबांच्या कोटावर मी तीस वर्षं टाळ्या मिळवल्या आणि शेवटी त्याच कोटाने मला दिल्ली दाखवली. तात्यासाहेब म्हणजे आमच्या तालुक्याचे जुने खासदार. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत त्यांनी आपला एकुलता एक कोट क्वार्टर्सच्या फाटकावरच्या चौकीदाराला दिला आणि स्वतः घोंगडी पांघरून संसदेत गेले, ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. एसटी स्टँडसमोरचा त्यांचा पुतळाही घोंगडीतलाच आहे. शिल्पकाराला घोंगडी नीट साधली नाही, त्यामुळे परगावच्या लोकांना ते नुकतेच आंघोळ करून बाहेर आल्यासारखे वाटतात.

मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. ‘त्यागाचा कोट’ हे माझं व्याख्यान पंचक्रोशीत गाजलेलं. चौकीदाराच्या डोळ्यांत पाणी येतं त्या जागी मी थांबून एक घोट पाणी पीत असे, तेवढ्यात श्रोत्यांचे रुमाल निघत. निवृत्तीनंतर दिल्लीतल्या मराठी मंडळींनी याच व्याख्यानासाठी बोलावलं, तेव्हा बायको म्हणाली, “आता कोट दिल्लीलाच परत चाललाय म्हणायचा.” ती हे व्याख्यान एकतीस वेळा ऐकून थकलेली आहे.

उतरण्याची सोय कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी अतिथिगृहात होती. खोलीचं छत इतकं उंच की हीटर लावला की ऊब वर जाऊन बसे आणि मी खाली कुडकुडत राही. सकाळी कँटीनमध्ये पोहे मिळाले. वर खोबरं नव्हतं, शेव होती, पण वाढणारा कोल्हापूरचा निघाल्याने तक्रार गिळली. संयोजक कुलकर्णी तिथेच भेटायला आले. केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात ते अंडर सेक्रेटरी होते. त्यांनी बॅनर उलगडून दाखवला. त्यावर एक कोट छापला होता, चांगला तीन बटणांचा. बिल्कुल टेन्शन घेऊ नका, हॉल फुल आहे, असं ते म्हणाले. मग सहज सांगितलं की तात्यासाहेबांच्या स्टेनो अजून हयात आहेत, द्वारकेला लेकीकडे राहतात. भेटलात तर एखादा नवा किस्सा मिळेल.

नवा किस्सा म्हटल्यावर मी मंडी हाउसला मेट्रोत चढलो आणि ऐटीत खिडकीबाहेर बघत बसलो. थोड्या वेळाने खाली यमुना आली. द्वारकेच्या वाटेत यमुना कशी, असं शेजारच्या सरदारजींना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “द्वारका तो पीछे छूट गया जी. ये नोएडा जा रही है.” पुढच्या स्टेशनवर उतरलो आणि उलट्या गाडीत बसून तेवढंच शहर पुन्हा पाहिलं. धुरकं इतकं दाट होतं की दोन्ही वेळा फारसं काही दिसलं नाही.

द्वारकेच्या त्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर शांताबाई गायकवाड भेटल्या. वय चौऱ्याऐंशी, अंगाने काडीसारख्या, आवाज मात्र खणखणीत. मूळच्या नगरकडच्या. नुकत्याच चर्चहून आल्या होत्या आणि स्वेटरवर शाल, शालीवर मफलर अशा थाटात बाल्कनीतल्या उन्हात बसल्या होत्या. लेकीने गजक (गूळ-तिळाची कुरकुरीत वडी) आणि चहा आणून ठेवला. नात लॅपटॉपवर काम करत होती. मी घोंगडीचा विषय काढल्यावर तिने मान वर करून विचारलं, “घोंगडी म्हणजे?”

“कंबल, बेटा. खाज येणारं,” शांताबाई म्हणाल्या.

मी वही उघडली आणि मोठ्या भक्तिभावाने विनंती केली की कोटाचा तो प्रसंग तुमच्या तोंडून ऐकायचाय. बाईंनी गजकाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. मग म्हणाल्या, “सर, कोट कुणाला दिला नव्हता. जाळला होता.”

आपण चुकीचं ऐकलं असं मला वाटलं. पण बाईंनी सगळं नीट सांगितलं. तात्यासाहेब माणूस सरळ, पण हाताने विलक्षण वेंधळे. पावसात भिजलेला कोट त्यांनी स्वतःच शेगडीवर वाळत टाकला आणि वाचत बसले. वास आला तेव्हा पाठ आणि एक बाही गेली होती. दुसरा कोट नव्हता, म्हणून गावाहून आणलेली घोंगडी पांघरून गेले. संध्याकाळी एका वार्ताहराने क्वार्टर्सवर येऊन शांताबाईंना विचारलं की घोंगडी का? त्यांचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं, नोकरी नवी होती. साहेबांनी कोट जाळला म्हणायची लाज वाटली आणि थोडी गंमतही सुचली. फाटकावर हरिराम चौकीदार उभा होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, त्याला दिला. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं.

तीस वर्षं ज्या अश्रूंवर मी पाणी प्यायलो, ते या बाईंनी फाटकाशी उभ्या उभ्या काढले होते.

“तात्यासाहेब खूश झाले असतील,” मी कसंबसं म्हणालो.

खूश कसले, भडकले, असं त्यांनी सांगितलं. कारण हरिरामाचे हाल सुरू झाले होते. जो तो विचारी, साहेबांनी दिलेला कोट कुठाय? याच्या अंगावर तर तीच जुनी जर्सी. दोनच दिवसांत सगळीकडे पसरलं की हरिरामने कोट विकून दारू प्यायली. तो बिचारा शपथा घेऊन थकला. हे कानावर आलं तेव्हा तात्यासाहेबांनी शांताबाईंना बोलावून विचारलं आणि त्यांनी रडत कबूल केलं. आता नोकरी गेली, असं त्या धरून चालल्या होत्या. तात्यासाहेब नुसते म्हणाले, चला.

“मला घेऊन फाटकावर गेले. आजूबाजूचे सगळे चौकीदार, माळी, ड्रायव्हर गोळा केले. त्यांची हिंदी भयंकर. म्हणाले, ‘मैंने कोट जलाया. हरिराम को नहीं दिया. ये झूठ मेरे ऑफिस से निकला, माफी मैं मांगता हूं.’ आणि हात जोडले. माझं नाव घेतलं नाही.”

पेपराला खुलासाही पाठवला, बाईंनीच टाइप केला. तो छापून आला नाही. पुढे महिनाभर जो कोणी कोटाबद्दल कौतुक करी, त्याला तात्यासाहेब तिथल्या तिथे सांगत, जाळला. लोकांना तो विनय वाटे. त्यामुळे गोष्ट आणखीच पसरली.

निघताना मी म्हणालो की उद्या हे सांगावं लागलंच, तर तुमचं नाव मी घेणार नाही. बाईंनी मान हलवली. “घ्या. तेव्हा त्यांनी घेतलं नाही, म्हणून इतकी वर्षं मीही गप्प बसले. आता अच्छा मौका आहे.”

दुसऱ्या दिवशी हॉल खरोखर भरला होता. मी खुर्चीत बसून हिशेब करत होतो की जुनंच व्याख्यान ठोकलं तर कोणाला कळणार आहे? बाई येणार नव्हत्या, आणि माझं जुनं व्याख्यान रंगतं. नव्यात तर खासदार कोट जाळतो. पण माझ्यामागे बॅनर होता, आणि साठ वर्षांपूर्वी याच शहरात एका माणसाने माळी-ड्रायव्हरांसमोर मोडक्या हिंदीत जे केलं, ते मला शुद्ध मराठीत करता येईना, याची लाज वाटली. उठलो आणि सांगून टाकलं. मी तीस वर्षं खोटी गोष्ट सांगत आलो, हेही सांगितलं. पाणी प्यायलो नाही.

काही हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या, पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून गेले. आभार मानताना कुलकर्णी म्हणाले, सरांनी कोटाच्या त्यागाची कथा एका वेगळ्या अँगलने मांडली. नंतर समोशापाशी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की रेकॉर्डिंगमधला जळण्याचा भाग काढला तर चालेल का? मी नाही म्हणालो. त्यांनी चिंचेची चटणी पुढे केली, पण प्रेमाने नव्हे.

परतीच्या गाडीत माझं मन तात्यासाहेबांकडेच जात होतं. जुने तात्यासाहेब मला कधीच परवडणारे नव्हते. कोट देऊन टाकणं मला जमलं नसतं, म्हणूनच मी त्यांना आरामात पूजत होतो. जळक्या कोटाची कबुली द्यायला फाटकावर उभा राहिलेला हा माणूस जास्त अडचणीचा होता, कारण तो जे वागला ते मलाही वागता आलं असतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने माझं व्याख्यान पहिल्यांदाच जांभई न देता ऐकलं. शेवटी विचारलं, “आणि त्या हरिरामची बायको काय म्हणाली? तिला तर नवरा दारू पिऊन आला असंच वाटलं असणार.”

हे मला सुचलंच नव्हतं. तिथल्या तिथे शांताबाईंना फोन लावला. त्या जोरात हसल्या.

“अहो, हरिराम तेच म्हणाला होता. साहब, माफी छोडो, घर चलके बीवी को बताओ, चार दिवस जेवायला वाढत नाहीये. मग आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. तात्यासाहेबांनी चपला बाहेर काढल्या, दारात उभं राहून सगळं सांगितलं. ती म्हणाली, बडे लोग हो, नौकर को बचाने के लिए कुछ भी बोलोगे.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, यार. आम्ही क्वार्टर्सवर परत गेलो, आणि ते जळका कोट घेऊन आले. तिने पाठीच्या जळक्या भोकातून हात घालून पाहिला, तेव्हा कुठे हरिरामला पोळी वाढली.”