पॉवर-की

"मॉम! मॉम! आजोबांकडे आहे! ही हॅज इट! ही हॅज हॅड इट द होल टाईम!"

माझी मुलगी ओरडते तेव्हा तिकडे नायगारा दोन क्षण थांबून ऐकतो, असा कॅनडातल्या आमच्या मिल्टनमध्ये समज आहे. हा समज मीच पसरवलाय, पण म्हणून तो खोटा ठरत नाही. त्या दिवशी ती बेसमेंटमधून ओरडली तेव्हा मी वर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, आणि म्यूटवर नव्हते. वर्षातून एकदाच काळजीत पडणारा माझा मॅनेजर म्हणाला, "इज एव्हरीवन सेफ?" मी म्हटलं, माझ्या वडिलांकडे काहीतरी सापडलंय, आणि कॅमेरा बंद करून जिना उतरले. वडिलांचं वय अठ्ठ्याहत्तर. या वयाच्या माणसाकडे काय काय सापडू शकतं त्याची यादी मी चौदा पायऱ्यांत संपवली.

खाली एका ब्लँकेटमध्ये दोघं बसलेली. बाबा कानटोपी घालून, कारण बाहेर उणे सोळा होतं आणि घरातल्या हीटिंगवर त्यांचा विश्वास नाही. समोर टीव्हीवर तीच ती जपानी शाळा.

या शाळेबद्दल सांगायला हवं. माझी पोरगी नऊ वर्षांची आहे, आणि तिच्या चौथीच्या वर्गातली यच्चयावत मुलं हीच मालिका बघतात. कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमे म्हणायचं. मी एकदा कार्टून म्हटलं तर मला खोलीबाहेर काढलं होतं. तर, डोंगरावर एक शाळा. तिथे प्रवेश फक्त अंगात काहीतरी अचाट असलेल्यांना. एकीचे केस पेटतात आणि जळत नाहीत, एकजण भिंतीतून जातो, एकाला शिंक येईपर्यंत जग थांबवता येतं. युनिफॉर्म मात्र सगळ्यांचा कडक इस्त्रीचा. प्रत्येक भागाच्या शेवटी शाळेची इमारत कोसळते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी असते. माझ्या मते खरी पॉवर त्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे, पण त्याला कोणी दाखवत नाही.

बाबा वर्ध्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. जपानी येत नाही, खालच्या इंग्रजी ओळी इतक्या भराभर पळतात की चष्मा पोचेपर्यंत गेलेल्या असतात. तरी डिसेंबरपासून एकही भाग चुकवलेला नाही. "एवढ्या वेळा छत पडून राहिलं," ते एकदा गंभीरपणे म्हणाले, "पंचनामा नाही होत का बाप्पा यांच्यात?"

"काय सापडलं?" मी विचारलं.

"पॉवर-की!" पोरगी म्हणाली. ती सोफ्यावर उभी होती. "आजोबांच्या शाळेत सगळ्यांना होती! नो पॉवर-की, नो थर्ड ग्रेड! आणि आजोबांकडे सिक्स आहेत!"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा निवांत.

"मी सांगून राहिलो होतो हिला," ते म्हणाले, "आमच्या वेळी पावकी आल्याशिवाय तिसरीत बसवत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी. सगळ्या यायच्या मले. अजून येतात."

झालं होतं असं. पोरीने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं होतं, आजोबा, तुमच्या शाळेत पॉवर होती का? आणि बाबांना पाव ऐकू आला. पाव म्हणजे चतुर्थांश. पावकी म्हणजे त्याचा पाढा: एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. माझ्या पिढीतच ती मेली, तर माझ्या पोरीला कुठून माहीत असणार? तिने ऐकलं ते एवढंच, की वर्धा जिल्ह्यात एक गुप्त शाळा होती आणि तिथल्या प्रत्येक मुलाकडे एक किल्ली असायची.

"आणि ज्यांची हरवली, त्यांना छडी मिळायची," तिने मला कुजबुजत सांगितलं. "छडी इज द व्हिलन."

आता एक शहाणी आई इथे काय करेल? दोघांना समोरासमोर बसवेल आणि गैरसमज दूर करेल. मी तसं केलं नाही. मी तीन वर्षं या मुलीच्या मागे पाढ्यांसाठी फिरतेय. सातचा पाढा म्हण म्हटलं की हिला वॉशरूमला जावं लागतं. आणि आता ती स्वतःहून आजोबांचे पाय धरून म्हणत होती, टीच मी. मी गप्प बसले. मी खोटं बोलले नाही. फक्त खरं बोलायला जरा उशीर केला.

पण तिला ती किल्ली का हवी होती, ते मला माहीत होतं, आणि तिथेच माझं चुकलं.

शाळेत रिसेसला मैदानाच्या कोपऱ्यात, बर्फाच्या ढिगामागे, टीव्हीवरची हीच शाळा भरायची. पाचवीतली एक लांब वेणीची पंजाबी मुलगी तिची प्रिन्सिपल. कोणाकडे पॉवर आहे आणि कोणाकडे नाही हे ओळखणं, ही तिची पॉवर. (ही पॉवर आमच्या ऑफिसातही एकाच माणसाकडे आहे.) एक मुलगा बर्फ गोठवायचा, फेब्रुवारीत मिल्टनमध्ये ते माझी गाडीसुद्धा करते, पण त्याला प्रवेश मिळाला. एक मुलगी अदृश्य व्हायची, म्हणजे ती आली की सगळ्यांनी दुसरीकडे बघायचं. माझ्या पोरीला काय येतं विचारलं तेव्हा ती गडबडली आणि म्हणाली, मी फास्ट वाचते. प्रिन्सिपलने मान हलवली. नापास. तेव्हापासून तीन आठवडे तिला एकच काम होतं: बर्फात आडवं पडून "हेल्प, हेल्प" ओरडायचं आणि बाकीच्यांनी वाचवायचं. या भूमिकेला तिथे 'सिटिझन' म्हणतात.

मी तिला समजावलं, अगं, सिटिझन व्हायला मला आणि तुझ्या बाबाला सात वर्षं लागली. बोटांचे ठसे दिले, परीक्षा दिली, शपथ घेतली, तू आठवड्यात झालीस! ती हसली नाही. स्नो पॅंट काढताना तिच्या पाठीवरचा बर्फ मॅटवर पडला आणि ती म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टु बी सेव्ह्ड एनीमोअर."

शुक्रवारी पुन्हा प्रवेश परीक्षा होती. शेवटची संधी, प्रिन्सिपलने जाहीर केलं होतं.

मंगळवारपासून बेसमेंटमध्ये तालीम सुरू झाली. बाबांनी चाळीस वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नव्हता. "पाठ पाहिजे," ते म्हणाले, तर ती उठून पाठ करून उभी राहिली. पाठ म्हणजे तोंडपाठ हे सांगितल्यावर तिने विचारलं, किल्ली कुठे ठेवायची? बाबा म्हणाले, "ठेवायची कशाला? एकदा बसली की तोंडातच राहते." त्या रात्री ती दात घासायला तयार नव्हती, किल्ली जाईल म्हणून.

बाबांची पद्धत जुनीच. मांडी घालून बसायचं, पुढेमागे झुलायचं, आणि छपराला भोक पडेल अशा आवाजात म्हणायचं. पाच पाव सव्वा! सहा पाव दीड! सात पाव पावणेदोन! गुरुवारपर्यंत आमच्या स्वयंपाकघरातल्या कपबश्या त्या तालावर वाजायला लागल्या. शेजारी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा, तो एक फावडं, एक पाव, एक फावडं, एक पाव असा शोव्हल करायला लागला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान मला तसं दिसलं.

"तिला सांगितलंस का?" गुरुवारी नवऱ्याने भांडी लावता लावता विचारलं.

"काय?"

"की ते गणित आहे."

"सांगते."

"केव्हा? उद्या ती तीस पोरांपुढे उभी राहून क्वार्टरचा टेबल म्हणणार आहे. तुला मजा येतेय, पण पडायचं तिला आहे."

माझा नवरा महिन्यातून एकच वाक्य शहाणपणाचं बोलतो आणि नेमकं ते मला लागतं. मी वर तिच्या खोलीत गेले. ती अंथरुणात डोळे मिटून ओठ हलवत होती. "मॉम," ती म्हणाली, "विल इट वर्क?" मी म्हटलं, "झोप."

मग ठरवलं, सकाळी गाडीत सांगायचं. गाडीत तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "डोन्ट टॉक. आय ॲम चार्जिंग." शाळेच्या दारात 'किस अँड राईड'ची रांग असते, मुलाला उतरवायचं, पापी घ्यायची, सुटायचं. दहा सेकंदांवर थांबलात तर मागून हॉर्न आणि पुढून पिवळ्या जॅकेटवाली बाई. खोटं बोलायला दोन सेकंद पुरतात, पण खरं बोलणं दहात मावत नाही. मी "अगं, ऐक" म्हणेपर्यंत दार बंद झालं होतं. ती ताठ चालत गेली. दिवसभरात मी ऑफिसचं एकही काम धड केलं नाही, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, हा वेगळा विषय.

आता परीक्षेचं. मी तिथे नव्हते, म्हणून मला सगळं नीट माहीत आहे.

उणे बाराचा वारा. बर्फाच्या ढिगावर प्रिन्सिपल. खाली अर्धवर्तुळात सगळ्या पॉवरी उभ्या. माझी पोरगी पुढे आली, बर्फात मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि झुलू लागली. "एक पाव पाव!" पहिल्या पावाला कुजबुज थांबली. पाचव्या पावाला अदृश्य मुलगी भीतीने दिसायला लागली. दहाव्या पावाला, दहा पाव अडीच, पोर्टेबल, म्हणजे मैदानातल्या तात्पुरत्या वर्गाच्या छपरावरचे सगळे कावळे एकदम उडाले, ड्युटीवरच्या बाईंच्या हातातली कॉफी कपातल्या कपात थिजली, आणि ज्याला बर्फ गोठवता यायचा तो मुलगा रडला. वीस पाव पाच! तिने डोळे उघडले.

"व्हॉट डझ इट डू?" प्रिन्सिपलने विचारलं.

याचा विचार आम्ही तिघांनीही केला नव्हता.

"इट ओपन्स," माझी पोरगी म्हणाली.

"ओपन्स व्हॉट?"

मग प्रिन्सिपल ढिगावरून खाली उतरली, जवळ आली आणि म्हणाली, "वेट. से इट अगेन." पोरीने पुन्हा म्हटलं. प्रिन्सिपलचे डोळे बारीक झाले. "माय नानाजी डझ धिस. सव्वा, डेढ, ढाई. दॅट्स टाईम्स टेबल्स. दॅट्स मॅथ."

सगळं मैदान हसलं. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

साडेतीनला ती गाडीत बसली आणि घरापर्यंत खिडकीच्या काचेवर बोटाने रेघा ओढत राहिली. माझ्याकडे आता सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं, जे होतं ते तिला पाचवीतल्या मुलीने सांगून टाकलं होतं.

घरी बाबा जेवणाच्या टेबलावर मटार सोलत होते. ती जॅकेटसकट त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, पावकी इज मॅथ!"

"हो मग," बाबा म्हणाले. "गणितच आहे ते."

"यू सेड पॉवर-की!"

"मी पावकी म्हणालो. पॉवर काहून म्हणीन? आमच्या गावात पॉवर तर रात्री दोन तास यायची."

"मॉमला माहीत होतं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोडणीकडे पाहिलं. फोडणी अजून टाकली नव्हती.

"माहीत होतं," मी म्हटलं. "तू शिकत होतीस म्हणून बोलले नाही. बोलायला हवं होतं. सॉरी."

ती मला चांगलीच न्याहाळत राहिली. माफ केलं की नाही ते अजून कळलेलं नाही. मग जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं आणि एक मटारची शेंग उचलली.

"मग पुन्हा सिटिझन का?" मी हळूच विचारलं.

"नो."

"नाही? मग?"

"त्यांच्याकडे मॅथ टीचर नव्हता. प्रिन्सिपल सेड, अ स्कूल हॅज टु हॅव वन. टीचरला पॉवर लागत नाही."

मी जी काय ओरडले! नायगारा परत थांबला असणार. म्हणजे प्रवेश मिळाला! विद्यार्थी म्हणून नाही, थेट स्टाफवर! अख्ख्या शाळेत नऊ वर्षांची एकमेव शिक्षिका, आमच्या घरातली बाबांनंतरची दुसरी! मी नवऱ्याला फोन लावायला निघाले, वर्ध्याला लावायला निघाले, तिकडे पहाटेचे अडीच वाजलेत हे आठवून थांबले. बाबांनी हातातली शेंग खाली ठेवून तिच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच, जसं एक मास्तर दुसऱ्याकडे बघतो.

"घेतला का मग तास?" त्यांनी विचारलं.

"सेकंड रिसेसला," ती म्हणाली. शेंगेतले दाणे ती एकेक करून टेबलावर ओळीत मांडत होती. "मी वेट केलं. होल रिसेस. नोबडी केम."

बाबांनी पुढची शेंग उचलली.

"पहिल्या वर्षी नाही येत कोणी," ते म्हणाले.