नागऱ्याच्या रानातली हाक

माझी लेक यमू जन्मापासून बहिरी, आणि म्हणून मुकी. एका दुपारी तिच्या पाठीमागे पितळी परात फळीवरून खणकन पडली. मी दचकले, शेजारीण दारात धावत आली, आणि यमू मात्र अंगणातल्या मुंग्या पाहत तशीच बसून राहिली. त्या दिवशी मला कळलं. मग वैद्य झाले, अंगारे-धुपारे झाले. नागपूरच्या गोऱ्या डॉक्टरनं तिचे कान तपासून नुसती मान हलवली, तेव्हा माझ्यातलं काहीतरी विझलं. सासूबाई रोज देवापुढे दिवा लावायच्या. मी वात करून द्यायची, पण हात जोडायची नाही.

माझे यजमान गोंदियाच्या मालधक्क्यावर नोकरीला होते. मी वर्ध्याकडची, या तलावांच्या आणि धानाच्या मुलखात मन रमवायला मला वेळच लागला. महाशिवरात्र जवळ आली तशी सासूबाईंनी नागऱ्याच्या जत्रेचा धोशा लावला. "एकदा पोरीला महादेवाच्या पायावर घाल. तिच्यासाठी वाचा माग," त्या म्हणाल्या. मला मागायचं नव्हतं. मागून न मिळण्याचा आता कंटाळा आला होता. पण म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडवेना, म्हणून पहाटे शेजाऱ्यांच्या बैलबंडीत बसून आम्ही निघालो.

उजाडलं तरी धुकं उठलं नव्हतं. लाखोळीची शेतं, बांध, पळसाची झाडं, सगळं अर्धं अर्धं दिसत होतं. नागरा जवळ येऊ लागलं तशी शेतांतून कोरलेले दगड दिसू लागले. कुठे बांधावर पालथी पडलेली मूर्ती, कुठे मातीतून वर आलेला नुसता खांब. यजमान म्हणाले, इथे फार पूर्वी मोठं नगर होतं म्हणतात, अजून नांगराला विटा लागतात. देवळापुढे जत्रा भरली होती. बांगड्यांची, बत्ताशांची दुकानं, गोंड बायांच्या पाट्या-टोपल्या, हिंदीत ओरडणारे खेळणीवाले. यजमान आणि सासूबाई बेलफुलं घ्यायला गेले. मी यमूचं बोट धरून एका बोरं विकणाऱ्या म्हातारीजवळ थांबले.

तेवढ्यात ढोल वाजवत एक मिरवणूक आली आणि गर्दीचा लोंढा आमच्यावर आला. मी ढकलले गेले. सावरून उभी राहिले तेव्हा माझ्या हातात यमूचं बोट नव्हतं.

हरवलेल्या लेकराला आई काय करते? हाक मारते. मला तेवढंही करता येईना. तरी मी वेड्यासारखी "यमू, यमू" ओरडत दुकानांमागून धावले.

"काऊन धावून राहिली वं बाई?" म्हातारीनं मला अडवलं. मी सांगितलं. तिनं देवळामागच्या धुक्याकडे बोट केलं. "लाल परकरवाली ना? तिकडे जाऊन राहिली होती आताच." मी वळले तसा तिनं माझा दंड घट्ट धरला. "आयक. तिकडे जुना गाव गाडलेला हाये. तिकडून कोणी हाक मारली तं ओ नोको देऊ. आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावते थे."

मी दंड सोडवून घेतला आणि निघाले.

पहिल्या बांधापलीकडे गेले आणि जत्रा बंद झाली. असं कसं झालं ते मला सांगता येत नाही. ढोल, माणसं, खेळण्यांच्या पिपाण्या, सगळं एकदम पुसलं गेलं. माझ्याच पावलांखाली ढेकळं फुटत होती, ती मात्र फार मोठ्यानं ऐकू येत होती. धुक्यात दगडांचे आकार उभे होते. माणूस समजून मी एकाजवळ धावले, तर तो मानेवर डोकं नसलेला द्वारपाल होता. सगळ्या दिशा सारख्या झाल्या. मी उभी राहिले. पाय पुढे जाईनात, मागेही जाईनात. तेव्हा किती वर्षांनी कोण जाणे, माझे हात आपोआप जुळले. वाचा मागितली नाही. काहीच मागितलं नाही. "मला कळत नाही. तूच बघ," एवढंच म्हणाले.

आणि हाक आली. "आई."

लहान मुलीचा आवाज, उजवीकडून. म्हातारी म्हणाली होती, आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतात. पण माझ्या लेकीला तर आवाजच नव्हता! मग हा कोणाचा? तरीही तो मी ओळखला. कसा ओळखला, विचारू नका. पुन्हा आली, "आई," जरा घाईची. मला नेणारं चांगलं असो की वाईट, माझ्याकडे दुसरी वाट नव्हती. मी त्या आवाजामागे गेले.

निवडुंगाच्या जाळीपलीकडे एक जुनी विहीर होती. कठडा ढासळलेला, काठ जमिनीसरसा. काठावर माझी यमू पालथी पडून आत वाकली होती. खांदे काठाच्या पार पुढे गेले होते. ओरडून उपयोग नव्हता. दगड सुटेल म्हणून धावताही येईना. मी खाली बसले, पोटावर सरकत गेले आणि तिचे दोन्ही पाय पकडून तिला मागे ओढलं. तिच्या हाताखालची वीट सुटली. ती पाण्यात पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

यमू घाबरली नव्हती. तिनं विहिरीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि ओठ हलवले, कोणाशी तरी बोलून आल्यासारखे. मी आत डोकावले. काळं पाणी, त्यात आभाळाचा लहानसा तुकडा. दुसरं काही नव्हतं. तिला कडेवर घेऊन वळले तर देऊळ समोरच होतं, हाकेच्या अंतरावर, आणि ढोल वाजतच होते.

बोरंवाल्या म्हातारीला मी सगळं सांगितलं. कोण होतं ते, विचारलं. तिनं यमूच्या ओंजळीत बोरं घातली. "मले कायले इचारतं? लेकरू भेटलं ना? पाया पड आन् घरी जाय."

यजमान आणि सासूबाई बेलफुलं घेऊन आले, तसे आम्ही देवळात गेलो. गाभाऱ्यात काळोख होता. पिंडीवरून पाणी ओघळत होतं. मी यमूला पायावर घातलं, स्वतः डोकं टेकलं, आणि किती तरी वेळ रडले. शोक नव्हता तो. कोणीतरी आपल्याकडे लक्ष ठेवून आहे, हे कळल्याची ती भीती होती आणि तोच आधारही होता.

यमूला वाचा आली नाही. आज ती मोठी झाली आहे, धान कांडते, रांगोळी फार सुरेख काढते. तिच्या तोंडून "आई" मी कधीच ऐकलं नाही. तो आवाज देवाचा की त्या गाडलेल्या गावातल्या कोणा लेकराचा, याचा छडा मी लावला नाही. ज्यानं दिला त्यानं तेवढ्यापुरता दिला आणि परत घेतला.

त्या दिवशी परतताना बंडीत सासूबाईंनी विचारलं, "मागितलंस ना गं?"

"नाही," मी म्हणाले.

त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी माझ्या मातीनं भरलेल्या लुगड्याकडे नुसतं पाहिलं. यमू माझ्या मांडीवर झोपली होती. पायाला मुंग्या आल्या तरी मी तिला हलवलं नाही. त्या वजनाहून आणखी काय मागायचं असतं, ते मला तेव्हा आठवेना. आणि अजूनही आठवलेलं नाही.