बैलाच्या कष्टाविना उगवलेली भाजी

आज ऋषिपंचमी. सून बाजारची भाजी शिजवतीय. म्हणली, "मामा, आता बैल कुठं राहिलेत? समदं ट्रॅक्टरचं. समदंच चालतं." त्या वासानं मला घरात बसवंना. औंदाच बायको गेली.

तवा निजामाचं राज जाऊन पाच-सात वर्सं झाली असतील. लग्नानंतरची तिची पहिली ऋषिपंचमी. या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात न्हाईत, आपसूक उगवलेलंच खातात. ती सकाळधरनं उपाशी, म्हणून म्या उपरणं भरून तांदुळजा आणला.

"कुठनं उपटला?"

"आपल्या ज्वारीतनं."

"मग तिथं नांगर तुम्ही वढला व्हता का?"

आई चुलीपासनं बोलली, "ह्यानं वढला तरी चालायचं न्हाई. ह्यो बी बैलच."

मग म्या तेरणेकाठचा पडीक बांध धुंडाळला. गुडघाभर चिखलातनं घोळ अन् कुर्डू आणला. घोळीची आंबूस भाजी तिनं चाटून-पुसून खाल्ली अन् म्हणली, "ह्यो बांध कधी नांगरू नका."

न्हाई नांगरला. लोक त्याला तण म्हणायचे, पर मधमाश्या अन् तित्तर तिथंच असायचे, अन् दर साली तिची भाजी तिथनंच यायची.

परवा पोरानं तिथं तणनाशक मारलं. त्याला काय बोलू? खाणारीच न्हाई. तरी सकाळधरनं सारखा जाऊन बघतोय, कुठं घोळ वाचलीय का.