कॉलेजच्या सिनेमाचे हवालदार

किस्से जमवावे लागत नाहीत. एका जागी बरीच वर्षे काम केले की ते आपोआप साचतात. मला सिनेमाचा तिटकारा होता. म्हणूनच सांगलीच्या आमच्या कॉलेजात दर शनिवारी सिनेमा सुरू झाला, तेव्हा प्राचार्यांनी देखरेख माझ्याकडे दिली. पुढच्या वर्षांबद्दल मी देवाचा ऋणी आहे.

* * *

यंत्र चालवायला मेढ्याचे एक हवालदार आले. ही विद्या ते पलटणीत शिकले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हाती पाटी दिली.

"सर, लिवून बोला. तोफंनं कान गेलं. पर यंत्राच्या पेटीवर हात ठेवला की आवाज कळतुय."

"संचालक मंडळाला ठाऊक आहे?" मी लिहिले.

"कळलं तर उद्याच घरी. मागं चार तोंडं हायती."

मी लिहिले, "आपण होऊन सांगणार नाही. कोणी विचारले तर खोटे बोलणार नाही."

त्यांनी ते दोनदा वाचले आणि पाटी पुसली. "मंग कुणी इचारू नये, म्हंजी झालं."

* * *

कधी आवाज खरखरे; ती खरखर मात्र हवालदारांच्या पेटीवरच्या हाताला कळत नसे. मुलांनी उपाय काढला. मागच्या बाकांवरची मुले प्रकाशाच्या झोतात हात धरत. पडद्यावर सावल्या दिसल्या की हवालदार यंत्र दुरुस्त करत.

आटपाडीहून आलेला एक नवा विद्यार्थी ओरडू लागला, तसा शेजारचा म्हणाला, "गड्या, वरडू नगंस. हात वर कर."

माझ्या तर्कशास्त्राच्या तासाला मात्र वर्षभरात दोनच हात वर झाले. त्यांतला एक पाणी प्यायला जाण्यासाठी होता.

* * *

शिरवळचे एक पालक मुलाचा अभ्यास पाहायला शनिवारी आले. काळोखात सारे कॉलेज गप्प बसलेले पाहून त्यांनी दाराशीच वहाणा काढल्या आणि मांडी घालून बसले.

दिवे लागल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आवं सर, आमचं पोरगं दोन तास गप बसलं. घरी कवा बसलं न्हाई. लय उपकार झालं."

मी ते उपकार स्वीकारले. तो अभ्यास नव्हता, असा खुलासा केला नाही, याची चुटपुट आजही आहे.

* * *

पुढे गावातल्या टॉकीजमध्ये दोन यंत्रे आली. तिथे रीळ बदलताना थांबावे लागत नसे. आमची मुले तिकडे वळली. शेवटच्या शनिवारी नऊ जण होते. हवालदारांनी त्या नऊ जणांसाठीही पडदा धुऊन टांगला होता. मग त्या सभागृहात परीक्षा होऊ लागल्या आणि हवालदार मेढ्याला शेतीवर गेले. कामावरची निष्ठा मी पुस्तकांत वाचली होती. पाहिली ती त्यांच्याकडे.

* * *

एक किस्सा मात्र भरभराटीच्या दिवसांतला आहे. मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर कोणीतरी काही घातले होते. एका शनिवारी ते न कळवता आले आणि सिनेमा चालू असतानाच हवालदारांच्या पाठीमागे उभे राहिले.

"हवालदार," त्यांनी हाक मारली. मग आणखी मोठ्याने. तिसरी हाक तर पडद्यापर्यंत गेली. मुले वळून पाहू लागली. हवालदार पेटीवर हात ठेवून समोर पाहत होते.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "यांना ऐकू येते की नाही?"

सारे सभागृह माझ्याकडे पाहत होते.

"साहेब," मी म्हणालो, "सिनेमा चालू असताना यंत्रावरच्या माणसाने कोणाशीही बोलायचे नाही, असा येथे नियम आहे."

"कोणी केला?"

"मी."

"उत्तम नियम आहे," असे म्हणून ते बाकावर बसले आणि शेवटपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजेलाही बसण्याआधी, मी तो नियम सुवाच्य अक्षरांत लिहिला आणि यंत्राशेजारच्या भिंतीवर चिकटवला.