शिंप्याने बेतलेला गालिचा

मी शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे माझ्या चुका बायकोला बसल्या जागी दिसतात. तीस वर्षं कापड कापतोय आणि एवढ्या काळात मी कुणाला काही विचारायला गेलो नाही, असं मी छाती फुगवून सांगत असे. काही गिऱ्हाइकं पुन्हा का फिरकली नाहीत, तेही मी कधी विचारलं नाही.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हा तिचा लांब केसांचा कुत्रा आमच्याकडे राहिला. त्याचं खरं नाव भारदस्त होतं, पण बायको त्याला गालिचा म्हणायला लागली आणि तेच चिकटलं. "बाबा, रोज दहा मिनिटं विंचरा, नाहीतर गुंता होतो," असं सांगून मुलीने फणी माझ्या हातात दिली. मी ती मशीनच्या खणात टाकली. चार महिन्यांत गालिच्याच्या कानांमागे आणि काखेत केसांचे असे गोळे झाले, की तो पाय फाकवून चालायला लागला.

जनावरांच्या दवाखान्यात केस कापणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी फोनवर तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

"मी सूट बेततो," फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, "कुत्र्याचं काय घेऊन बसलीस."

"सूट हलत नाही," काजं करता करता ती म्हणाली.

आधी मी त्याला अंघोळ घातली. कापड भिजवून, आटवून मगच बेतायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. केस भिजले आणि गोळे आटून दगडासारखे झाले. मग त्याला बेतायच्या टेबलावर उभं केलं आणि माझी मोठी कात्री काढली. डावी बाजू मनासारखी झाली. उजवी जरा आखूड झाली, म्हणून डावी पुन्हा घेतली. मग ती आखूड वाटली.

"आता थांबा," बायको म्हणाली, "आत कुत्रा आहे."

मी थांबलो नाही. डोळ्यांवरची झालर कापली. चार महिन्यांत गालिच्याने मला पहिल्यांदाच धड पाहिलं, आणि तो माझ्यावर भुंकला.

मग मी कानामागचा गोळा धरला, ओढला आणि कात्री चालवली. गोळ्याबरोबर कातडीही ओढली गेली होती. तो केकाटला, पण चावला नाही. माझ्याकडे पाठ करून टेबलाच्या कोपऱ्यात थरथरत उभा राहिला. कानामागून रक्त यायला लागलं. बायकोने कानावर स्वच्छ फडकं दाबलं आणि आम्ही दवाखान्याकडे धावलो. माझ्या गळ्यात टेप तशीच होती.

"कुणी कापलं?" केस कापणाऱ्या बाईंनी विचारलं.

शेजाऱ्यांचं नाव सांगावं असं क्षणभर मनात आलं.

"यांनी," बायको म्हणाली. "हे शिंपी आहेत."

डॉक्टरांनी दोन टाके घातले. टाके सुबक होते, हे मला कबूल करावं लागलं. मग बाईंनी फणी घेऊन मला दाखवलं. गुंता कोरडा असतानाच बोटांनी सोडवायचा, टोकाकडून सुरुवात करायची. कात्री लावावीच लागली, तर मध्ये फणी धरायची, म्हणजे कातडी खाली सुरक्षित राहते.

"पुन्हा एकदा सांगता का?" मी म्हणालो. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

संध्याकाळी मुलीला व्हिडिओवर गालिचा दाखवला. तिने आधी त्याला ओळखलंच नाही. मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "फणी कुठे होती, बाबा?"

पुढचे नऊ दिवस गालिचा मशीनचा आवाज आला की पलंगाखाली जायचा. दहाव्या दिवशी तो आपणहून येऊन टेबलाजवळ बसला. आता दुकान उघडण्याआधी मी त्याला विंचरतो. केस वाढताहेत, डावीकडे जरा जास्तच. पाठ, पोट, शेपटी तो मला करू देतो. कानाचं काम मात्र बायकोकडे आहे. तेव्हा मी फक्त कुत्रा धरतो.