दोन टाक्यांची जॅग्वार

पेट्रोल कमी होतंय हे आधी लेस्लीच्याच लक्षात आलं होतं. पण तो बोलला नाही, आणि तिथेच घोटाळा झाला.

लेस्ली तुस्कानो मूळचा वसईजवळच्या गिरीजचा. मस्कतच्या मत्रह भागातले कापडाचे व्यापारी नूरुद्दीनशेठ यांची जॅग्वार चालवायला आणि सांभाळायला तो तिकडे आला. शेठ गेल्यावर त्यांची मुलगी खुदेजा मॅडम दुकान बघू लागल्या आणि लेस्ली त्याच कामावर राहिला. गाडी ऐंशीच्या दशकातली एक्सजे-सिक्स. इंजिनाची जात मात्र कितीतरी जुनी. महायुद्धात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यावर, बॉम्बने आग लागली तर विझवायला, पहारा करत बसलेल्या इंजिनिअरांनी त्या इंजिनाची कल्पना आपसात रंगवली होती. युद्ध संपलं की चार दारांची एक झकास गाडी काढायची, तिच्यासाठी हे इंजिन. ही गोष्ट लेस्ली बायकोला, मटिल्डाला, परत परत सांगायचा. मागची चाकं, ब्रेक, स्प्रिंगा सगळं एका सांगाड्यात बसवून तो सांगाडा रबराच्या ठोकळ्यांवर टांगलेला, म्हणून आत बसलेल्याला रस्ता जाणवतच नाही, हेही सांगायचा.

डिकीच्या दोन्ही अंगांना एकेक अशा दोन पेट्रोलच्या टाक्या होत्या. काटा मात्र एकच. बटण दाबलं की टाकी बदलायची आणि काटा त्या टाकीचं पेट्रोल दाखवायचा.

२०१६ साली ओमानमध्ये पेट्रोल महागलं आणि मॅडमचं त्या काट्याकडे लक्ष जायला लागलं.

"लेस्ली, गाडी इतकं पिते? बाबांच्या वेळी पीत नव्हती."

"जुनी झाली, मॅडम."

"तू पण जुनाच आहेस," त्या म्हणाल्या. त्याला ते लागलं.

लेस्लीचा संशय कासमवर होता. कासम खेडचा, दुकानाची पिकअप चालवायचा. गॅरेजची चावी त्याच्याकडेही असायची. दोघं रोज दुपारी एकत्र जेवत. लेस्लीने टाक्यांच्या झाकणांना कुलपं लावली, तरी पेट्रोल जायचं ते जातच राहिलं. मग त्याला वाटलं, यानं दुसरी चावी करून घेतली असणार. एकदा तो पिकअपच्या हौद्यात वाकून वास घेत होता, तेवढ्यात कासम मागे येऊन उभा राहिला.

"काय हुंगतोयस?"

"काही नाही."

त्या दिवसापासून कासम डबा घेऊन वेगळा बसायला लागला.

घरीही तेच. झाकणं तपासून तपासून लेस्लीच्या शर्टाला पेट्रोलचा वास लागला होता. मटिल्डाने शर्ट धुवायला घेतला आणि तशीच थांबली. "खरं सांग, लेस्ली. तू काही करत नाहीस ना?" त्याने शर्ट तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच धुवायला बसला.

मग एक दिवस मॅडमनी त्याला लांब इब्रा गावाला पाठवलं, आपल्या सफिया मावशींना घेऊन यायला. दोन्ही टाक्या भरून तो निघाला. वाटेतलं बिदबिद गाव मागे पडल्यावर आरशात दुकानाची पिकअप दिसली. तो चहाला थांबला, तर पिकअपही लांबवर थांबली. लेस्लीची खात्रीच पटली. आपण गाडी सोडून आत गेलो की हा टाकीत नळी घालून पेट्रोल काढणार. चहा न पिताच त्याने गाडी काढली.

थोड्या वेळाने पिकअप जवळ आली, दिवे मारू लागली, हॉर्न वाजवू लागली. लेस्लीने वेग वाढवला. शेवटी कासमने पुढे जाऊन पिकअप आडवी घातली. लेस्ली पाना हातात घेऊनच उतरला.

"इंजिन बंद कर आधी!" कासम ओरडला. "मागून पेट्रोल गळतंय, आग लागेल!"

उजव्या मागच्या चाकामागून धार लागली होती, सायलेन्सरच्या नळीपासून हातभर अंतरावर. इंजिन बंद करून दोघं लांब जाऊन उभे राहिले. मग लेस्लीला उमगलं. इंजिनाला पुरून उरलेलं पेट्रोल परत टाकीत जातं. ज्या टाकीतून आलं तिच्यातच ते जावं म्हणून एक व्हॉल्व्ह असतो. इतक्या वर्षांनी तो अडकला होता. पेट्रोल डावीकडून यायचं, उजवीकडे परत जायचं, आणि भरलेली उजवी टाकी वाहायची. उन्हात रस्त्यावर ते पडल्या पडल्या उडून जायचं. हे त्याला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. पण तो चोर शोधत होता.

"तू माझ्यामागे कशाला आलास?"

"मॅडमने सांगितलं. लेस्ली पेट्रोल कुठे विकतो ते बघून ये म्हणाली."

"आणि तू आलास?"

"मग? तू माझी गाडी हुंगत नव्हतास?"

पुढे इंग्लंडहून नवा व्हॉल्व्ह आला, लेस्लीने तो बसवला, आणि पेट्रोल जायचं थांबलं. त्याच दिवशी तो मॅडमना म्हणाला, "माणूस मागे लावायच्या आधी मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास. चोरसुद्धा नाहीच म्हणतो."

त्याने नोकरी सोडली नाही. कासमबरोबर जेवण पुन्हा सुरू झालं, पण बऱ्याच उशिरा, आणि सुरुवातीला दोघंही मान खाली घालून जेवायचे. पंपावर मात्र लेस्ली आता दार उघडून धरतो आणि म्हणतो, "मॅडम, उतरून पंपाचा आकडा बघून घ्या." त्या उतरतात, चष्मा लावतात आणि खरोखरच बघतात.