लाल चिठ्ठी आणि साडेचार फूट रूळ

आमच्या घराच्या मागच्या खोलीला बायको ‘तुमचं जंक्शन’ म्हणते. हा शब्द तिच्या तोंडून कौतुकानं आलाय असं मला अकरा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

गारखेड्यातल्या आमच्या घराची ही खोली दहा बाय अकराची, संडास-बाथरूमला लागून. तिथं मी रेल्वेचं मॉडेल बनवतो. आगगाडीची दुकानात मिळणारी खेळणी नव्हेत. मनमाड-काचीगुडा मार्ग मीटरगेज होता तेव्हाचं, आम्ही राहायचो ते लहानसं स्टेशन. आबा, म्हणजे माझे वडील, त्या लाइनीवर कीमन होते. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाडीच्या धक्क्यानं सैल होतात. कीमननं आपल्या हद्दीतली लाइन रोज पायी चालायची आणि सैल चावी दिसली की हातोड्यानं ठोकून बसवायची. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. आबांची सगळी नोकरी यात गेली. त्यांचं पाऊल आजही स्लीपरच्या मापाचं पडतं, घरातल्या फरशीवरसुद्धा.

लहानपणी सकाळी मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा राहून त्यांना जाताना बघायचो. लाइनीवर पाऊल टाकायची मला सक्त मनाई होती. ओढ्यावरचा लहान पूल, मग थोडा उतार, मग वळण आणि वळणावर एक बाभूळ. तिथं आबा दिसेनासे व्हायचे. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. याचा राग मी पुढं बरीच वर्षं लोणच्यासारखा मुरवत ठेवला.

तर मॉडेल. प्लायवूडचे दोन पाट होते. मोठ्या पाटावर स्टेशन, पाच लाइनींचं यार्ड, पाण्याची टाकी, सिग्नल. जुन्या लग्नांच्या जाड पत्रिका कापून केलेली इमारत बघायला कंपनीतले लोकही यायचे. दुसरा पाट साडेचार फुटांचा. त्यावर नुसती लाइन, पूल, वळण आणि बाभूळ. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. उलट गाडी नेमकी तिथंच, पुलाच्या तोंडाशी, रुळावरून घसरायची. मी इंजिनाच्या तीन मोटरी बदलल्या, चाकं दोनदा घासली, शिव्या तर मोजल्याच नाहीत.

आणि या दोन पाटांभोवती पसारा. लग्नपत्रिकांच्या दोन गोण्या. बंद पडलेल्या प्रिंटरांच्या मोटरी, चहाच्या गाळण्यांच्या जाळ्या, टूथपेस्टची झाकणं, हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला लाकडाचा भुसा, काड्यापेट्यांची एक थप्पी छातीएवढी. शहागंजच्या बाजारात गेलो की रिकाम्या हातानं परत यायचं नाही, अशी मला शपथच होती जणू. पेचकस हवा असला की अर्धा तास शोधायचा, मग नवा आणायचा. पुढं खोली आवरताना असे सात पेचकस सापडले.

आबा फुलंब्रीजवळ थोरल्या भावाकडे राहायचे. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. भावाचं घर शेतात, संडास अंगणापलीकडे. दुसऱ्यांदा पडले तेव्हा बायकोनं मला न विचारताच भावाला फोन लावला आणि सांगून टाकलं, मामांना आमच्याकडे आणा. आबांना ती मामा म्हणते. मग माझ्याकडे वळली.

“खालती संडासाला लागून एकच खोली आहे. खाट तिथंच लागेल. जंक्शनचं काय करायचं ते तुम्ही बघा.”

मी चिडलो. आबांवर नाही, तिच्यावरही नाही. ती बरोबर होती म्हणून चिडलो. खाट टाकली की दोनातला एकच पाट राहणार होता, तोही सामान निम्म्याहून जास्त गेलं तर. अकरा वर्षांचं काम, आणि मोकळं करायला दहा दिवस.

मी चितेगावच्या एका कंपनीत टूलरूम सांभाळतो. तिथं पसारा आवरायची एक पक्की रीत आहे. वस्तूला जागा नेमून द्यायची. महिनाभरात जी हातात आली नाही, तिला लाल चिठ्ठी बांधायची. आठवडाभरात कुणी तिची बाजू घेतली नाही, की ती बाहेर. हीच रीत मी घरात आणली. कंपनीत मी या बाबतीत कसाई म्हणून ओळखला जातो, घरी मात्र पहिल्या दिवशी गाळणीच्या एका जाळीला चिठ्ठी बांधताना माझा हात अडला. बायको दारात उभी राहून गालात हसत होती. दुसऱ्या दिवशी तिनंच चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेतला आणि दोन तासांत गोण्यांपासून काड्यापेट्यांपर्यंत सगळं लाल करून टाकलं.

एका गोष्टीनं मात्र मी स्वतःच चकित झालो. पसारा जसा कमी होत गेला, तशी खोली वाढत गेली. भिंतीला मी एक फळी ठोकली, त्यावर प्रत्येक हत्याराच्या मापाची खाच कापली. पेचकस पेचकसाच्या खाचेत, चिमटा चिमट्याच्या. बारीकसारीक वस्तूंना झाकणाचे अठरा डबे. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू मिळावी असं झालं. आपण हे कुणासाठी करतोय हे त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हतं.

शेवटची चिठ्ठी उरली होती. स्टेशन ठेवायचं की लाइन, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मी साडेचार फुटांच्या पाटाला लाल चिठ्ठी बांधली आणि तो भिंतीशी टेबलावर सरकवून ठेवला. रविवारी सकाळी भंगारवाला येणार होता आणि दुपारी आबा.

आबा रविवारऐवजी गुरुवारीच आले. भावाला त्या दिवशी गाडी मिळाली. मोठा पाट रविवारपर्यंत बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला आणि खाट टाकली. बायकोनं त्यांचा हात धरून त्यांना खोलीतून एकदा फिरवलं. “मामा, ही खाट. इथनं चार पावलं, डाव्या हाताला संडासाची कडी. ही फळी, ह्यांची हत्यारं.” एकदाच. संध्याकाळपर्यंत आबा खोलीत एकटे वावरत होते. फळीवरची छोटी हातोडी त्यांनी काढली, तळहातावर तोलली आणि खदखदून हसले.

“ह्यानं चावी ठोकतो का दात?”

मग हातोडी न चाचपडता तिच्या खाचेत परत ठेवली.

शुक्रवारी सकाळी चहा घेऊन गेलो तर ते त्या पाटापाशी उभे होते. उजव्या हाताचं पहिलं बोट रुळावर. आबांनी माझं काम कधी पाहिलं नव्हतं, डोळे असतानाही नाही. ‘खेळणं करतो’ एवढंच ते चारचौघांत सांगायचे. मी दारातच थांबलो. बोट हळूहळू सरकत होतं.

“चावी एक बी नाय ह्याला,” ते म्हणाले. मी आल्याचं त्यांना कळलं होतं.

“स्लीपर म्हणजे काड्यापेटीच्या काड्या हायेत, आबा. त्याला चाव्या कुठनं आणू?”

बोट पुलाच्या अलीकडे आलं आणि थांबलं. थोडं मागं गेलं, परत पुढं आलं.

“हितं दबलंय.”

मी वाकून पाहिलं. रूळ सरळ होता. मी जरा तोऱ्यातच स्टीलची पट्टी आणून रुळावर उभी धरली आणि तिच्याखाली माप घालून पाहिलं. अर्ध्या मिलिमीटरला थोडं कमी. मी, ज्याच्या सहीशिवाय कंपनीत साचा बाहेर जात नाही, त्याला अकरा वर्षांत जे दिसलं नाही ते एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या बोटानं चहा निवायच्या आत सांगितलं होतं.

“पुलाच्या तोंडाशी माती बसतीच,” आबा म्हणाले. “लाइन पुलावर नाय दबत. पुलाच्या आधी दबती. पहिल्या दिवशी शिकवत्यात हे.”

माझ्या पुलाखाली माती कुठली? तरी मी पाट उलटा करून पाहिला. प्लायवूडला खालून द्यायची आधाराची पट्टी पुलाच्या अलीकडे द्यायचीच राहिली होती, आणि तेवढ्या जागेत प्लायवूड बसलं होतं. खऱ्या लाइनीला जे दुखणं होतं तेच मी नकळत खोट्या लाइनीला दिलं होतं, आणि ते हुडकणारा माणूसही तोच होता. लग्नपत्रिकेचा एक कपटा मी रुळाखाली सारला. आबांनी पुन्हा बोट फिरवलं, मान हलवली. गाडी सोडली. पुलाच्या तोंडाशी मी सवयीनं हात पुढं केला, पण गाडी सरळ पुलावरून निघून गेली. आबा कान देऊन ऐकत होते.

“आता नीट बोलतीय,” ते म्हणाले.

मग पाटाच्या कडेला त्यांच्या हाताला चिठ्ठी लागली. “हे काय बांधलंय?”

मी रीत समजावून सांगितली. कामाची नाही ती वस्तू, महिनाभर हात न लागलेली, रविवारी बाहेर. सांगता सांगताच माझा आवाज उतरत गेला. आबांनी चिठ्ठी बोटांत चाचपली.

“माझ्या खाटंला बी बांधली काय? बघ बरं जाऊन.”

ते हसत होते. माझ्या मागं दारात उभी असलेली बायको मात्र हसली नाही. मी चिठ्ठीची गाठ सोडवायला घेतली.

रविवारी भंगारवाला आला तेव्हा चिठ्ठी मोठ्या पाटाला होती. पाच लाइनींचं यार्ड, टाकी, सिग्नल सगळं गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गोण्या आणि थप्प्या हटल्यामुळे खाटेच्या बाजूची भिंत मोकळी झाली होती. तिथं छातीच्या उंचीवर मी अरुंद फळी लावली आणि तिच्यावर ती साधी लाइन बसवली. जुन्या स्टेशनातला एकच वीतभर तुकडा ठेवला, प्लॅटफॉर्मचं टोक.

आता आबा रोज चहाआधी ड्यूटीवर जातात. प्लॅटफॉर्मच्या टोकापासून बोट निघतं, पूल, उतार, वळण, बाभूळ. त्या बोटाला घाई नसते. आपल्या बापाला काय काय येतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळायला लागलं, आणि ते बघत मी हातात कप घेऊन उभा राहतो.

परवा बाभळीशी लाइन संपली, बोट भिंतीच्या कोपऱ्याला टेकलं.

“पुढं काय नाय केलं?”

“पुढचं मला ठाऊकच नाय, आबा. प्लॅटफॉर्मवरनं इथवरच दिसायचं. इथं तुम्ही गायब व्हायचे.” आणि इतक्या वर्षांनी तोंडातून निघूनच गेलं, “मागं वळून तर कधी बघितलं नाय तुम्ही.”

आबांनी बोटानं ती तारेची बाभूळ चाचपली.

“व्हय, चालताना नाय बघायचो. हिच्या आडून बघायचो. तू घराकडं वळला की मग मी पुढं.”

“मग एकदा हात तरी करायचा ना!”

“हात केला असता तर तू लायनीवरनं पळत आला असता,” आबा म्हणाले. “सव्वासातची गाडी त्याच टायमाला यायची.”

मग त्यांनी बोट दुसऱ्या रुळावर ठेवलं आणि प्लॅटफॉर्मकडे परत निघाले.